द पॅशन ऑफ द ख्राइस्ट: नक्की वाद कशावरून झाला होता?

सांजवेळ:
येशूच्या छळावरचा आणि मृत्यूवरचा हा सिनेमा २००४ चा आहे, पण मी परवा पहिल्यांदा बघितला. फटक्यांच्या प्रसंगात दोनदा पॉज करावं लागलं. आधी छड्या, मग तो सैनिक आकडे लावलेला चाबूक टेबलावर मारून बघतो आणि आकडे लाकडात रुततात, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. मी ख्रिस्ती आहे, लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेय, पण असं कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं. नंतर वाचलं की तेव्हा यहूदी संघटनांनी जोरात विरोध केलेला आणि दुसरीकडे अमेरिकेतली चर्चेस अख्खी थिएटरं बुक करत होती. भांडण हिंसेवरून होतं की आणखी कशावरून? मनापासून विचारतेय.

पडद्यामागे:
दोन वेगळी भांडणं होती, लोक त्यांची सरमिसळ करतात. समीक्षकांचं भांडण हिंसेवरून. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चार स्टार दिले, पण आजवर बघितलेला सगळ्यात हिंसक सिनेमा असंही लिहिलं. बाकी बऱ्याच जणांना तो नुसता छळ वाटला, आणि मला त्यांचं पटतं. बायबलमधली येशूची चरित्रं म्हणजे शुभवर्तमानं, त्यांपैकी मार्क, मत्तय, योहान तिघंही फटके एका वाक्यात उरकतात, लूकमध्ये तर रोमन सुभेदार पिलात नुसतं म्हणतो की फटके मारून सोडतो. त्या एका वाक्याचा इथे एवढा लांब प्रसंग झालाय की शेवटी शेवटी माणूस दिसतच नाही, फक्त फाटलेलं अंग दिसतं. आणि ज्याने डोंगरावर ते सगळं सांगितलं, शत्रूवर प्रेम करा वगैरे, तो अधूनमधून चार क्षण येतो. दिग्दर्शक मेल गिब्सनने स्वतःचे सुमारे ३ कोटी डॉलर घातले होते आणि जगभरात ६० कोटींच्या वर गल्ला झाला, म्हणजे लोकांना ते भिडलं हे मान्यच.

जुनी_वही:
दुसरं भांडण जास्त गंभीर होतं. मत्तय २७:२५ मध्ये पिलातासमोरचा यहूदी जमाव म्हणतो, ह्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. या एका वाक्यावर बोट ठेवून युरोपात शेकडो वर्षं यहूद्यांना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवलं गेलं, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटलं की हा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर टाकता येणार नाही आणि आजच्या तर नाहीच. यहूदीद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अँटी डिफेमेशन लीग या संघटनेच्या एब्राहम फॉक्समनना नेमकी हीच भीती होती. गिब्सनने ते वाक्य सबटायटलमधून काढलं पण पात्रं ज्या अरामी भाषेत बोलतात तो आवाज तसाच ठेवला, मला हे अजिबात पटत नाही. शिवाय फिलो आणि जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहूदी लेखकांच्या लिखाणातला पिलात कठोर आहे, सिनेमात मात्र तो बिचारा कोंडीत सापडलेला, आणि सगळा कडवटपणा यहूद्यांचा मुख्य याजक कयफा आणि बाकी याजकांच्या वाट्याला. वधस्तंभ ही रोमन शिक्षा होती हो.

ओलीवाट:
पटतंय, तरी एक सांगते. फटक्यांनंतर येशूची आई मरिया फरशीवर गुडघे टेकून पांढऱ्या कापडाने रक्त टिपते, पिलाताच्या बायकोने दिलेल्या कापडाने. ते बघताना मी खूप रडले. कुठल्याच शुभवर्तमानात हे नाही, १८२४ ला वारलेल्या ॲन कॅथरीन एमेरिक नावाच्या जर्मन जोगिणीच्या दर्शनांवरून घेतलंय. पण ती मरिया केलीय माइया मॉर्गेनस्टर्नने, आणि ती स्वतः यहूदी आहे. मला तिच्या चेहऱ्यात फक्त आई दिसली. श्रद्धेने बघणाऱ्या सगळ्यांच्या मनात द्वेष होता असं कुणी म्हणू नये.

जुनी_वही:
बघणाऱ्यांच्या मनाबद्दल मी बोलतच नाहीये ताई. पण त्याच एमेरिकच्या पुस्तकात यहूद्यांबद्दल जे काही आहे ते वाचवत नाही, आणि आधार म्हणून तेच घेतलं.

सांजवेळ:
ते कापडाचं मला बायबलमधलंच वाटलं होतं, कधीच शंका आली नाही. आता चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून तो भाग पुन्हा वाचतेय.