शब्दचर्चा : मंडळीच्या पुढाऱ्याने द्यायचा तो 'हिशेब' की 'जाब'?

प्रश्न :
मंडळीच्या (चर्चच्या) घटनेचा मसुदा मराठीत लिहितो आहे. पाळक आणि वडील (मंडळी सांभाळणारे ज्येष्ठ) यांच्या कलमात 'उत्तरदायित्व' लिहिले, तर काहींनी 'जबाबदारी' सुचवले. पण पाळकाची जबाबदारी म्हटले की उपदेश, भेटी, प्रार्थना अशी कामेच डोळ्यांसमोर येतात. त्याच्या वागण्याबद्दल त्याला कोणी विचारायचे, हा अर्थ त्यात उरत नाही. पवित्र शास्त्राला (बायबलला) धरून कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद :
'हिशेब' घ्या. इब्री 13:17 मध्ये पुढाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले आहे आणि लगेच कारणही दिले आहे : ते तुमच्या जिवांची राखण करतात, त्यांना हिशेब द्यायचा आहे. या वचनाचा पहिला भाग व्यासपीठावरून वारंवार ऐकू येतो, दुसरा क्वचितच, याचे मनापासून वाईट वाटते. मूळ ग्रीकमध्ये इथे 'लोगोस' हा शब्द आहे. लूक 16:2 मध्ये धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो, तिथेही तोच. आणि तीत 1:7 अध्यक्षाला, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याला, देवाचा कारभारीच म्हणते. कळप त्याच्या मालकीचा नाही.

प्रतिसाद :
'हिशेब' पटतो, पण त्यात पळवाट राहते. 'मी देवाला हिशेब देईन, माणसांना नाही' असे म्हणणारा 1 करिंथ 4:3-4 पुढे करील. प्रेषित पौलच तिथे म्हणतो की तुम्ही माझा न्याय केलात तरी मला त्याचे फारसे काही नाही, न्याय करणारा प्रभू आहे.

प्रतिसाद :
पण पौल स्वतः कसा वागला? यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठी वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ सोबत घेतला. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट ठेवू नये म्हणून. 2 करिंथ 8:21 मध्ये तो सरळ लिहितो की प्रभूच्याच नव्हे, माणसांच्याही दृष्टीने जे योग्य तेच आम्ही करतो. तेव्हा त्याचे 'प्रभूच न्याय करील' हे म्हणणे पैशाची वही झाकण्यासाठी वापरता येत नाही.

अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, तोही सर्वांसमोर (गलती 2:11-14). पेत्राला वगळले नाही, तर दुसरा कोणता वडील सुटेल? शिवाय 1 तीमथ्य 5:19-20 मध्ये रीतच घालून दिली आहे. दोघातिघा साक्षीदारांशिवाय वडिलावरचा आरोप दाखल करून घेऊ नये, पण जो पाप करीत राहतो त्याला सर्वांदेखत दोष दाखवावा. कुजबुजीवरून वडिलाची अब्रू जाऊ नये आणि त्याच्या पदामुळे पापही झाकले जाऊ नये, या दोन्हींची काळजी तिथे घेतली आहे. यासाठी मराठीत नेमका शब्द 'जाब' आहे. हिशेब न मागताही द्यायचा असतो. जाब मात्र कोणीतरी विचारावा लागतो.

'अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका' हे स्तोत्र 105:15 इथे पुढे केले जाते, म्हणून तेही सांगतो. ते वचन अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या राजांच्या मुलखातून फिरत होते त्याविषयी आहे. पाळकाला प्रश्न विचारण्याशी त्याचा संबंध नाही. उलट शमुवेल संदेष्टा, ज्याने राजांना अभिषेक केला, तोच म्हातारपणी लोकांसमोर उभा राहून विचारतो : मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेतली? (1 शमुवेल 12:3)

प्रश्नकर्ता :
मग कलम असे लिहितो : 'पाळक व वडील आपल्या सेवेचा आणि मंडळीच्या पैशाचा हिशेब दरवर्षी मंडळीसमोर देतील. दोन किंवा तीन साक्षीदारांनी आरोप मांडल्यास त्यांना जाब विचारला जाईल.' यात 'अधिकार' शब्द कुठे बसवावा?

प्रतिसाद :
याच्याआधीच्या वाक्यात, आणि 2 करिंथ 10:8 च्या आधाराने : 'मंडळीची उभारणी करण्यासाठी दिलेला अधिकार'. नुसता 'अधिकार' लिहू नका. 'जाब विचारला जाईल' च्या जागी कोण विचारील तेही लिहा, नाहीतर कोणीच विचारणार नाही.