अनुभव धागा: लोकसहभागाची कामं, आणि नंतरचं तिसरं वर्ष

गावात लोकांनी, ग्रामपंचायतीनं, एखाद्या संस्थेनं मिळून केलेल्या कामांबद्दल लिहायला हा धागा. तलाव, शाळा, नळयोजना, स्मशानभूमी, काहीही चालेल. अट एकच: नारळ फुटला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला, इथे थांबू नका. दोन-तीन वर्षांनी डागडुजी कोण करतंय, पैसे कुठून येतायत, भांडणं कशावरून झाली ते सांगा. आमच्या तालुक्याच्या गावी व्यापारी, नगरपंचायत आणि कॉलेज मिळून नदीघाट साफ करायचं घाटतंय, म्हणून आधीच शहाणं व्हायचंय. व्यक्तींची नावं टाळा.

कोरेगाव, सातारा

पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा म्हणजे वॉटर कप. 2016 चा पहिला कप तीनच तालुक्यांत झाला: वरूड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव. आमच्या तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं, पन्नास लाख मिळाले. आमचं गाव बक्षिसाच्या आसपासही नव्हतं, पण काम बरं झालं होतं. उन्हं चढायच्या आत डोंगरावर. पाणी अडवायचे चर एका पातळीत आखायला ए-फ्रेम, म्हणजे तीन काठ्यांची घोडी, मधे दोरीला दगड. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागच्या जागी ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. कंटाळवाणं काम, तरण्या पोरांना नको असायचं. पण जिथे ही रेघ नीट धरली तिथले चर एकसारखे भरले; जिथे नुसतेच टिकाव चालले तिथे पहिल्या वळवाला पाणी एका टोकाला गोळा होऊन चर फुटला.

विहिरींना पाणी आलं, हे खरं. मग आल्याच्या पिकाचं क्षेत्र वाढलं, ऊस आला, बोअरच्या गाड्या रात्री शिवारात दिसायला लागल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरी पुन्हा तळाला. घाम सगळ्यांनी गाळला आणि पाणी ज्याचं बोअर खोल त्याचं. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिकं ठरतात. आमच्याकडे बोअरबंदीचा विषय निघाला आणि निम्मी ग्रामसभा चहाला उठली. चर खणण्यापेक्षा हे शंभरपट अवघड आहे, आणि याला कुणी कप देत नाही.

बीड जिल्हा

आमचा अनुभव 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'चा. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची ही सरकारी योजना, 2017 ची. आमच्याकडे मशीन संस्थेचं, डिझेल योजनेतून, गाळ फुकट, वाहतूक मात्र ज्याची त्यानं करायची. ऐकायला झकास. पण ट्रॅक्टर कुणाकडे? पहिल्या आठवड्यात तलावावर ज्यांच्या ट्रॉल्यांची रांग लागली त्यांची रानं आधीच काळी होती. मुरमाड माळ असलेला दोन एकरवाला भाड्याचा हिशेब करून घरी बसला. मग आम्ही खेपा वाटून घेतल्या: ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःच्या ठरावीक खेपांमागे एक खेप शेजारच्या बिनट्रॅक्टरवाल्याच्या रानात टाकायची, डिझेल त्या शेजाऱ्याचं. कुरकुर झाली, शिव्याही खाल्ल्या, पण चाललं. आता योजनेत अल्पभूधारकांना एकरी 15,000 पर्यंत अनुदान आहे, अडीच एकरांपुरतं. तेव्हा नव्हतं. माझ्या चुलत्याच्या माळावर त्या गाळात कापूस गुडघ्याऐवजी कमरेला लागला, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

सिन्नरजवळ, नाशिक

दादा-ताईंनो, मी नळयोजनेच्या समितीत होते. जलस्वराज्य प्रकल्प, पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा, पण गावाची दहा टक्के लोकवर्गणी असल्याशिवाय पुढचं काही हलत नसे. समितीत बायका हव्यातच, म्हणून माझं नाव घातलं. सही करा आणि घरी जा, असा बेत होता. मी पासबुक मागितलं. झाली पंचाईत!

वर्गणी गोळा झाली, टाकी उभी राहिली, पाणी आलं. पुढे मोटर जळली तेव्हा खात्यात रिवाइंडिंगपुरतेसुद्धा पैसे नव्हते, कारण पाणीपट्टी कुणी भरतच नव्हतं. निवडणुकीच्या तोंडावर नळ तोडायची कुणाची छाती होते? पुन्हा डोक्यावर हंडे. तेव्हा आम्ही बायकांनी दोन गोष्टी केल्या. पाणीपट्टी बचत गटाच्या हप्त्याबरोबरच घ्यायची, त्याच बैठकीत, त्याच वहीत. आणि थकबाकीची यादी पिठाच्या गिरणीवर फळ्यावर लिहायची. देवळात नको, तिथे पुरुष बसतात आणि पुसून टाकतात. गिरणीत दळण टाकून प्रत्येक बाई उभी असते, वाचते, घरी जाऊन विचारते. पहिलं नाव एका सदस्याचं होतं. तो भांडायला आला, आणि भरून गेला. तुमच्या घाटाचं मला कळत नाही, पण खात्यावर दोन सह्या आणि हिशेब उघड्यावर, एवढं आधी करा.

एक शिक्षक, विदर्भ

थोडक्यात लिहितो. लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग झाला. प्रोजेक्टर, पडदा, भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलेला. उद्घाटनाला मोठी माणसं आली. मग विजेचं बिल थकलं आणि जोडणी कापली. वस्तू द्यायला गाव तयार असतं, देणाऱ्याचं नाव तिच्यावर लिहिता येतं. बिलावर नाव कुणाचं लिहिणार? शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपनं सोलर पॅनेल बसवून दिलं. त्यावर मात्र नाव आहे.

धागाकर्ता

ताई, फळ्याची युक्ती उचलतोय. आमच्याकडे गिरणीपेक्षा बसस्टँडवरचं चहाचं हॉटेल बरं पडेल. कोकणातलं कुणी आहे का? दरवर्षी पुरानं वाहून जाणाऱ्या कामाचं काय करता?

कुडाळ, सिंधुदुर्ग

आहे की! आमचे वनराई बंधारे वाहून जाण्यासाठीच असतात. पाऊस सरला, वहाळाचं पाणी उतरलं की सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, वाळू-माती भरून दाभण-सुतळीनं शिवायची आणि विटांसारखी सांधेमोड करत रचायची. फटीत चिकणमाती. त्या पाण्यावर भुईमूग, चवळी, थोडी भाजी होते, गुरांची सोय होते. काम एका सकाळचं, वाद मात्र जेवणात मासे की उसळ यावर. पक्क्या बंधाऱ्याचा प्रस्ताव आला की जमीन कोणाची, ठेकेदार कोणाचा यावर गाव दुभंगतं. पोत्यांवर कुणाला कमिशन मिळत नाही, म्हणून भांडणही नाही.

फक्त मे संपायच्या आत पोती काढून ठेवा, नाहीतर सगळं प्लास्टिक खाडीत. हे काढायचं काम बांधण्याइतकं कुणाला आवडत नाही, तेव्हा आम्ही वाडीवार पाळी लावली आहे. घाटालाही पाळीच लावा. व्यापाऱ्यांना बाजाराचा दिवस देऊ नका, कुणी येणार नाही.