मदत हवी आहे: जग बुडाल्यानंतरची कादंबरी सुचवा (तातडीने)

भातुकली: 'द रोड' वाचून झालं. आता तसलंच, पण बरं काहीतरी सुचवा. झोंबी नकोत. नेटवरच्या याद्या बघितल्या, सगळीकडे तीच नावं. शुक्रवारच्या आत हातात पाहिजे.

खडूसवाचक: तसलंच म्हणजे कसलं? बाप-लेक, राख, उपासमार? की नुसतं जग संपलेलं? मराठी की इंग्रजी?

टिवटिव: 'स्टेशन इलेव्हन', २०१४ चं. डोळे झाकून घ्या. फ्लूच्या साथीत बहुतेक माणसं जातात आणि वीस वर्षांनी एक नाटकमंडळी पिकअप ट्रकना घोडे जुंपून गावोगाव शेक्सपिअर करत हिंडते. आपल्याकडच्या नाटकवेड्यांनी तर वाचायलाच हवं.

खडूसवाचक: उरलेल्यांना नाटकं सुचतात म्हणे! त्यापेक्षा जॉर्ज स्टुअर्टचं 'अर्थ अबाइड्स', १९४९. त्यात नळाचं पाणी बंद पडतं तेव्हा कुठे वस्तीला जाग येते. नायक विद्यापीठाचं ग्रंथालय जिवापाड जपतो आणि पोरं मात्र नाणी ठोकून बाणांची टोकं करतात.

टिवटिव: सुरुवातीला तो नुसता गाडीतून हिंडतो हो. मला झोप लागली.

निवांतकाका: नारळीकरांची 'हिमप्रलय' वाचा. मुंबईत बर्फ पडतो!

खडूसवाचक: काका, ती कथा आहे. कादंबरी मागितलीय.

निवांतकाका: कथेने अपचन होतं का?

जुनापुराणा: किंडल घ्या, लगेच काम होईल. माझं जुनं विकायचं आहे, कव्हरसकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भातुकली: इंग्रजीच, 'रोड' इंग्रजीच आहे ना! किंडल नको, सासऱ्यांना छापील लागतं. अक्षर बारीक नको.

खडूसवाचक: सासरे कुठून आले? वाचणार कोण?

भातुकली: तेच. 'रोड' त्यांनीच वाचलं. शनिवारी पहाटे दिराकडे निघालेत, विमानात काहीतरी हवं.

रानवारा: मग नेव्हिल शूटचं 'ऑन द बीच', १९५७. अणुयुद्धात उत्तर गोलार्ध संपलाय, किरणोत्सार हळूहळू दक्षिणेकडे सरकतोय आणि मेलबर्नची माणसं वाट बघतायत. आरडाओरडा नाही. एक जोडपं पुढच्या वर्षी बागेत काय लावायचं ते ठरवत बसतं. ज्येष्ठांना आवडेल.

भातुकली: दीर मेलबर्नलाच असतात.

टिवटिव: अगंबाई! नका देऊ.

रानवारा: उलट आवर्जून द्या. पुस्तकातलं विल्यम्सटाउन प्रत्यक्ष बघून येतील.

निवांतकाका: तिकडे आता थंडी की उन्हाळा? स्वेटर द्या बरोबर.

भातुकली: काका, प्लीज. सासरे म्हणतात, माणसं मरताना बघून कंटाळा आला, पुढे काय होतं ते सांगणारं आण.

खडूसवाचक: हे पहिल्याच ओळीत नसतं का लिहायचं? मग 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ'. अणुयुद्धानंतर सहाशे वर्षांनी वाळवंटातल्या मठात साधू जुने कागद जपतायत. एका पवित्र कागदावर किराण्याची यादी आहे! एक बापुडा एका ब्लूप्रिंटची सोनेरी नक्कल करण्यात वर्षानुवर्षं घालवतो, आकृती कशाची ते न कळता. लेखक मिलर दुसऱ्या महायुद्धात माँटे कॅसिनोच्या मठावरच्या बॉम्बहल्ल्यात विमानात होता, त्यामुळे मठाचं लिहिताना हात हलका नाही. तरी हसवतो. लॅटिन फार आहे, तेवढं सोसायचं.

भातुकली: सासरे संस्कृत शिकवायचे, लॅटिनला घाबरणार नाहीत. हेच बघते. पुण्यात कुठे मिळेल?

टिवटिव: अप्पा बळवंत चौकात फोन करून बघा.

जुनापुराणा: शुक्रवारपर्यंत छापील मिळणं कठीण. किंडल अजून आहे.