सुरुवातीच्या पाटीवर विंडोज दोनदा: नेमकी कोणती ओळ काढायची?

प्रेषक: सदस्या, लंडन

नमस्कार मंडळी,

पुण्याला सदाशिव पेठेत आई-बाबांचा डेस्कटॉप आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून तिथे नवी एसएसडी बसवून विंडोज ११ टाकून घेतले. जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी आतच आहे. आता मशीन चालू केले की निळ्या पाटीवर तीन ओळी येतात: विंडोज ११, पुन्हा विंडोज ११ आणि विंडोज १०. दुसरी निवडली तर एरर येते, कोडमध्ये सी, मग सहा शून्ये आणि ई. बाबा रोज त्या पाटीपाशी अडतात. फोटोंना धक्का न लावता जास्तीच्या ओळी कशा काढायच्या? आणि हे इथे बसून जमेल का?

---

प्रेषक: सदस्य, कोथरूड, पुणे

नमस्कार ताई,

पाटीवरची ओळ म्हणजे विंडोज नव्हे, विंडोजचा पत्ता. ओळ पुसली म्हणून फायली जात नाहीत, आणि फायली पुसल्या म्हणून ओळ जात नाही. तुमच्याकडे तीन पत्ते आहेत. त्यांतला रिकाम्या घराचा कोणता, ते आधी बघायचे. पुसायचे काम नंतर, आणि ते दोन मिनिटांचे आहे.

हे पत्ते बीसीडी नावाच्या छोट्या फायलीत असतात. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा आणि त्यात 'सीएमडी' टाइप करून एंटर मारा. हे विसरू नका. टर्मिनलमध्ये आधी पॉवरशेल उघडते, त्यात ओळींच्या नावांभोवतीच्या महिरपी कंसाचा अर्थ वेगळा होतो आणि बरोबर लिहिलेली आज्ञाही चुकीची ठरते. (आज्ञा मी देवनागरीत देतो आहे, टाइप करताना इंग्रजी अक्षरे.)

पहिली आज्ञा राखीव प्रतीची: बीसीडीएडिट /एक्सपोर्ट सी:\बीसीडीप्रत. काही बिघडले तर /इम्पोर्ट देऊन हीच प्रत परत घेता येते. मग नुसते बीसीडीएडिट. प्रत्येक ओळीचा एक गठ्ठा दिसेल. त्यात 'आयडेंटिफायर' आणि 'ओएसडिव्हाइस' या दोनच गोष्टी बघा. आयडेंटिफायर 'करंट' असेल ते आत्ता चालू असलेले विंडोज, त्याला हात लावायचा नाही. ओएसडिव्हाइसपुढे 'अननोन' असेल तर तो मेलेला पत्ता. विंडोज टाकताना मध्येच लाइट गेली, मग पार्टिशन (डिस्कचा तो भाग) उडवून पुन्हा टाकले, की असा पत्ता मागे राहतो. तुमची एररही हेच सांगते आहे. दोन्ही गठ्ठ्यांत 'पार्टिशन सी' असेल तर मात्र एकाच घराचे दोन पत्ते झालेत. बूटरेक या विंडोजच्या दुरुस्तीच्या आज्ञेने यादी पुन्हा बांधली की असे होऊ शकते. त्यात 'करंट' नसलेला काढायचा.

काढायची सोपी वाट: विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, एमएसकॉन्फिग लिहा, 'बूट' टॅबवर ओळ निवडून डिलीट. चालू विंडोज तिथून पुसता येत नाही, त्यामुळे धोका कमी. शेवटी एकच ओळ उरली की पाटी यायचीच बंद होते. विंडोज १० ठेवायचे असेल तर तिथेच 'टाइमआउट' ३० वरून ५ सेकंदांवर आणा.

पण हे सगळे करण्याआधी एक तपासणी कराच. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नव्या डिस्कवर विंडोज टाकले, तर सुरू होण्याच्या फायली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या छोट्या भागात, जातात. विंडोज नव्या घरात, किल्ली जुन्या घरात. उद्या ती जुनी डिस्क बंद पडली किंवा कोणी फॉरमॅट मारली, तर नवी कोरी एसएसडीही सुरू होणार नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' हे शब्द कोणत्या डिस्कपुढे आहेत ते कळवा. या घरात मला ओळींपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

---

प्रेषक: सदस्य, म्युनिक

ताई, दुरून करण्याबद्दल. क्विक असिस्टने (दुरून मशीन हाताळायचे विंडोजचे साधन) एमएसकॉन्फिग आणि बीसीडीएडिट दोन्ही चालतील. पण रीस्टार्ट केले की जोडणी तुटते, आणि पाटी विंडोजच्या आधीची असल्याने ती तुम्हाला दिसणारच नाही. रीस्टार्टच्या वेळी तिथे कोणीतरी खुर्चीवर हवे आणि त्यांनी पाटीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकावा. बाबांना 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करायला सांगा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने मशीन पूर्ण बंद होत नाही.

दुसरे, विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप) कित्येकदा आपोआप चालू असते. सुरू होण्याच्या फायली बदलल्या की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधी बघून कागदावर लिहून ठेवा. मग संरक्षण तात्पुरते थांबवा: मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: ही आज्ञा. एका रीस्टार्टनंतर ते आपोआप पुन्हा चालू होते, म्हणून दुसऱ्या रीस्टार्टआधी पुन्हा द्यावी लागेल.

इथे उबुंटूवाले (लिनक्स वापरणारे) आहेत, त्यांच्यासाठी: पाटीच्या वर ग्नू ग्रब, म्हणजे लिनक्सची सुरुवातीची पाटी, असे लिहिले असेल तर वरचे काही लागू नाही. ती यादी 'अपडेट-ग्रब' नव्याने बनवते, त्यामुळे ग्रब डॉट सीएफजी हाताने सुधारली तरी पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला बदल जातो. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' खालचे जुने कर्नल ही दुबार नोंद नव्हे. नवे बिघडले तर तेच कामी येते, एखादे राहू द्या.

---

प्रेषक: सदस्या, लंडन

काका, बघितले. दुसऱ्या विंडोज ११ पुढे 'अननोन'च आहे, ती ओळ काढली. ईएफआय पार्टिशन फक्त जुन्या डिस्कवर, १०० एमबीचे. एसएसडीवर नाहीच. एसएसडीची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची आहे. एन्क्रिप्शन बंद आहे. पुढे काय?

---

प्रेषक: सदस्य, कोथरूड, पुणे

मग किल्ली नव्या घरात आणू. फोटोंची प्रत आधी बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. खालच्या आज्ञा फोटोंना शिवत नाहीत, पण डिस्कचा नंबर चुकला तर परत फिरता येत नाही. यूपीएस नसेल तर लाइट जाण्या-येण्याच्या वेळी हे करू नका.

ॲडमिन सीएमडीत 'डिस्कपार्ट'. 'लिस्ट डिस्क' देऊन आकारावरून एसएसडी ओळखा, आणि मग 'सिलेक्ट डिस्क' त्या नंबराने. 'लिस्ट व्हॉल्यूम' मधून सी चा नंबर घेऊन 'सिलेक्ट व्हॉल्यूम'. आता क्रमाने:

श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=एस
एक्झिट

फॉरमॅटच्या आधी एकदा 'लिस्ट पार्टिशन' द्या. फुलीची (*) खूण २६० एमबीच्याच पार्टिशनपुढे आहे ना, हे बघितल्याशिवाय एंटर मारू नका. १०० एमबीही पुरते, पण फोर-के सेक्टरच्या डिस्कवर फॅट३२ ला २६० लागतात, म्हणून तोच आकडा धरावा.

मग बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. फायली यशस्वीपणे तयार झाल्याचा संदेश यायला हवा. एसएसडीवरची ही नवी यादी कोरी असते, तिच्यात फक्त या विंडोजचा पत्ता.

आता मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि जुन्या डिस्कची साटा केबल सोडवा. हे शेजारच्या एखाद्या मुलाला फोनवर सांगून करता येईल. केबल सपाट, बोटभर रुंद असते. मशीन चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. केबलशिवाय विंडोज ११ सुरू झाले म्हणजे किल्ली आली. मग बंद करून केबल परत लावा.

केबल लावल्यावर बायोसच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दोनदा दिसेल. एक एसएसडीचा, एक जुन्या डिस्कचा. हे दोन्ही खरे आहेत. जुना पुसला तरी काही मदरबोर्ड ती डिस्क पाहून नोंद पुन्हा तयार करतात, म्हणून पुसण्याच्या मागे लागू नका; पुढे डिस्कचे नाव असते, ते वाचून एसएसडीचा वर ठेवा. विंडोज १० ची ओळ जुन्या यादीत राहील, ती बाबांना दिसणार नाही. जुन्या डिस्कवरचे ते १०० एमबी इतक्यात उडवू नका. महिनाभर एसएसडी नीट सुरू होऊ दे, मग बघू.