आडनाव एकदाच बदलतं, लपवणं रोजचं
आडनावावरून जात कळते, म्हणून आडनाव बदललं की प्रश्न मिटतो, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. गॅझेटात नाव एकदाच छापून येतं, लपवणं मात्र रोज करावं लागतं. आम्ही नाशिकला पंचवटीत भाड्याने राहायचो तेव्हा बाबासाहेबांचा फोटो लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. आई सकाळी कपाट उघडून हात जोडायची आणि जिन्यात पाऊल वाजलं की दार लोटून द्यायची. गावाहून आजी आली की तिला बजावलेलं असायचं, कुणाला ‘जयभीम’ म्हणू नकोस. ती मग बोलायचीच नाही. घरमालकीणबाईंना वाटायचं, म्हातारीला ऐकू येत नाही. १४ एप्रिलला गोडधोड व्हायचं, खिडक्या लावून.

आणि हे कुठे, तर काळाराम मंदिरापासून दहा मिनिटांवर! २ मार्च १९३० ला तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात आजीचे वडील होते. हे तिने मला सांगितलं ते आम्ही स्वतःचं घर घेतल्यावर. फोटो आता हॉलमध्ये आहे. तरी पहिली कित्येक वर्षं बेल वाजली की आईची नजर आधी त्या भिंतीकडे जायची, मग दाराकडे.