मदत हवी आहे : ‘पुट ऑफ’चा अर्थ नेमका कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर पत्रव्यवहार बघतो. राजापुरी हळदीचा नमुना परदेशी पाठवला होता. उत्तर आलं, ‘वुई वेअर पुट ऑफ बाय द स्मेल.’ शाळेत ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे एवढंच शिकलेलो, म्हणून मालकांना सांगितलं की सौदा लांबणीवर पडलाय. आठवडाभर आम्ही नुसती वाट बघत बसलो. मग शब्दकोश उघडला, तर मन उडणे, नकोसं वाटणे असाही अर्थ निघाला. म्हणजे त्यांना वास आवडलेलाच नाही!

एवढं समजलंय की ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं, ‘पुट इट ऑफ’. ‘कॉल ऑफ’ म्हणजे तर थेट रद्द करणे.

अडतंय ते ‘बाय’पाशी. ‘बाय’ दिसलं की नकोसं वाटणे धरायचं का? पण ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ बाय द चेअरमन’मध्ये ढकलणेच आहे. मग ‘वॉज’च्या आधी माणूस आहे की मीटिंगसारखी गोष्ट, यावरून ओळखायचं का? आणि उत्तरात ‘प्लीज डोन्ट बी पुट ऑफ’ लिहिलं तर ते उद्धट वाटेल का? नवा नमुना उद्या निघतोय, सोबत पत्र जायचंय. जाणकारांनी आजच सांगितलं तर फार बरं होईल.