अनुभव धागा : नारळ मिळाला, मग?

मंडळी, अट एकच. स्वतःहून राजीनामा देऊन 'मनासारखं जगायला' निघालेल्यांनी इथे लिहू नये. त्यांचं कौतुक आहेच, पण तारीख त्यांनी ठरवलेली असते. ज्यांना तारीख दुसऱ्याने सांगितली, त्यांच्यासाठी हा धागा. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे वाक्यही नको. नोकरी गेली त्या आठवड्यात ते मी सात जणांकडून ऐकलं आणि सातही जण नोकरीत होते.

सुरुवात मी करते. सतरा वर्षांची नोकरी बारा मिनिटांच्या मीटिंगमध्ये संपली. घरात साठवलेले पैसे आठ महिने पुरतील एवढे होते, म्हणून मी पुढचं लिहू शकतेय. हप्ता डोक्यावर असता तर हे सगळं वेगळं झालं असतं. पैशांची सोय होती, तरी मी खचले. का, ते कळायला वेळ लागला. पहाटे पाच चाळीसचा गजर मी बंद केला आणि तिथून दिवसाचा आकारच गेला. अकरा वाजले काय, चार वाजले काय, सारखंच.

पुढे मारिएनथालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियातलं हे गाव एका कापड गिरणीवर जगत होतं आणि 1930 च्या सुमारास ती बंद पडली. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन चक्क लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत. वाचनालयाची फी माफ झाली तरी पुस्तकं कमी जाऊ लागली. वेळ रगड, वाचायची इच्छा नाही. बायका मात्र भराभर चालत, कारण गिरणी बंद झाली तरी घरकाम सुटलं नव्हतं! (यावर वेगळा धागा काढता येईल.) याहोदाने नंतर मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला घडी, घराबाहेरची माणसं, सगळ्यांचं मिळून एखादं काम, समाजातली ओळख आणि हातांना नियमित उद्योग. माझ्या पाचही एकाच दिवशी गेल्या होत्या.

मी गजर पुन्हा लावला. एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला सकाळी सात ते नऊ पुस्तकं वाचून दाखवायला लागले, फुकट. तो उशीर खपवून घेत नाही. त्यातूनच ध्वनिमुद्रित पुस्तकांचं काम मिळालं. आता कमाई पूर्वीच्या निम्मी आहे आणि 'तू काय करतेस?' या प्रश्नाला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

* * *

वय 51, हिशेबनीस. मला शरमेनं खाल्लं. चार महिने जवळच्या मित्रांखेरीज कोणाला सांगितलं नाही आणि मित्रांना तरी कुठल्या जागा माहीत असणार? मला माहीत होत्या त्याच. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये हेच दाखवलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 16.7 टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. मी शेवटी सहा वर्षांपूर्वीच्या एका ज्युनियरला फोन केला. तीन वेळा नंबर काढून ठेवून दिला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही मला ताळेबंद शिकवलात तसा आमच्या नव्या मुलांना शिकवाल का?" आता तेच करतो. कामाचं म्हणाल तर आवडतं. पद गेल्याची बोच अजून आहे.

* * *

चौदा महिने झाले. अजून काही नाही. समाधानही नाही. वाचतोय.

* * *

माझा घोळ वेगळा होता. मुलाखती मिळायच्या, पण जुन्या साहेबांचा विषय निघाला की माझा आवाज चढायचा. मला कळायचं नाही, समोरच्याला कळायचं. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये नोकरी गेलेल्या इंजिनियरांना पाच दिवस रोज वीस मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या आणि गंमत म्हणजे त्यांनी जास्त खटपट केली म्हणून नव्हे. मीही लिहिलं. पहिले तीन दिवस नुसत्या शिव्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं, ते काम मला शेवटची दोन वर्षं आवडतच नव्हतं. वही फाडून टाकली. तेव्हापासून त्या क्षेत्रात अर्जच केला नाही. सुतारकाम शिकतोय, वाईट जमतं, पण खुर्ची डुगडुगली तर निदान का ते कळतं.

* * *

नोकरी माझ्या नवऱ्याची गेली. मी एवढंच केलं, संध्याकाळी "आज काही झालं का?" हे विचारणं बंद केलं. दहाव्या दिवशी तो आपणहून बोलला.

* * *

धागाकर्ती पुन्हा : चौदा महिनेवाले दादा, दर रविवारी इथे एक ओळ टाकाल का? 'काही नाही' एवढीच असली तरी चालेल.

* * *

रविवार. काही नाही. तुमचा गजर पाच चाळीसचा, मी सातचा लावलाय.